साठवलेलं उघडायचं कधी?

प्रिय ताई,

माझ्या फोनमध्ये ४,००० च्या वर स्क्रीनशॉट आहेत. ब्राउझरमधले बुकमार्क मोजायचं धाडस अजून झालेलं नाही. इन्स्टाग्रामवर सेव्ह केलेल्या रील, यूट्यूबवरची ‘नंतर पाहू’ची यादी, पिंटरेस्टवरचे ११ बोर्ड आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेल्या लिंका वेगळ्याच. चित्रकलेचे सराव, मुलीसोबत करायचे खेळ, घर आवरण्याच्या युक्त्या, पाठदुखीचे व्यायाम, लिहायला उद्युक्त करणारे प्रश्न, सगळं आहे. तीनदा मी हे सगळं नीट लावायला घेतलं. एकदा तर नोंदींचं नवं अ‍ॅप घेऊन दोन शनिवार-रविवार फक्त फोल्डर आणि टॅग करण्यात घालवले. महिनाभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गेल्या महिन्यात बाबांना ७० वर्षं पूर्ण झाली. दोन वर्षांपूर्वी मी एक सुंदर कल्पना सेव्ह केली होती: घरातल्या मोठ्या माणसांना विचारायचे ४० प्रश्न. त्यांची उत्तरं रेकॉर्ड करायची आणि जुन्या फोटोंसोबत त्यांचं एक पुस्तक करायचं. हे मी बाबांच्या सत्तरीसाठीच ठेवलं होतं, आणि ऐन वेळी ते मला सापडलंच नाही. घाईघाईत एक घड्याळ आणलं. तीन आठवड्यांनी भलतंच काहीतरी शोधताना तो स्क्रीनशॉट समोर आला आणि मी रडले.

हे सगळं कसं लावू, सांगाल? की एकदाचं पुसून टाकू?

– साठवत राहिलेली

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र वाचताना मी त्या घड्याळापाशी थांबले. एखादी गोष्ट मनापासून जपून ठेवायची आणि नेमक्या दिवशी ती हाताला लागू नये, याची चुटपुट साधी नसते. तुम्ही रडलात ते मला पूर्ण समजतं. पण बाबा आहेत, आणि प्रश्नही आता सापडले आहेत. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी तुमचा प्रश्न थोडा बदलून घेते.

तुम्ही विचारता, हे कसं लावू. तीनदा लावून झालंय की तुमचं! फोल्डर झाले, टॅग झाले, सुट्ट्या त्यात गेल्या. तुमच्या लावण्यात काही कमी होतं असं मला वाटत नाही. तो स्क्रीनशॉट दोन वर्षं तुमच्याच फोनमध्ये होता, म्हणजे हरवलाही नव्हता. मात्र त्या दोन वर्षांत तो उघडला जाईल असा एकही क्षण ठरलेला नव्हता. ज्या दिवशी तुम्ही तो सेव्ह केलात तो दिवस आणि बाबांचा वाढदिवस, यांना जोडणारं काहीच नव्हतं. म्हणून मी विचारीन, साठवलेलं उघडायचं कधी? ते ठरलं की लावायचं काम फार थोडं उरतं.

सेव्हचं बटण दाबल्यावर काय होतं ते जरा आठवा. काहीतरी छान दिसतं, ‘हे मी करणार’ असं वाटतं, बोट बटणावर जातं आणि एक समाधान मिळतं, जणू अर्धं काम उरकलं. मग मन ती गोष्ट खुशाल सोडून देतं. २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्याशी जवळचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना माहितीची छोटी वाक्यं संगणकावर टाइप करायला दिली. काहींना सांगितलं की हे जपून ठेवलं जाईल, काहींना सांगितलं की पुसलं जाईल. जपलं जाणार आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या लक्षात ती वाक्यं कमी राहिली. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी प्रसिद्ध केलेला संग्रहालयातला प्रयोगही असाच. लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, आणि ज्या नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या त्या जास्त. पण ज्यांनी वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. मला या प्रयोगातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. यातलं मला नेमकं काय हवंय, हे ठरवायला भाग पडलं की मन त्या गोष्टीपाशी थांबतं.

म्हणून आजपासून काही सेव्ह केलंत की त्याच्यासोबत एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहायची. जुन्या ढिगाला ही अट नाही, फक्त नव्याला. ‘छान कल्पना’ किंवा ‘उपयोगी पडेल’ ही ओळ नव्हे. कशासाठी, आणि सुरुवात कुठून, एवढं तिच्यात हवं. तुमच्या त्या स्क्रीनशॉटखाली असं काहीतरी असतं तर: ‘बाबांची सत्तरी. ४० प्रश्न. दोन महिने आधी सुरू करायचं, एका वेळी तीनच प्रश्न, आवाज फोनवर रेकॉर्ड.’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. बहुतेक फोनमध्ये फोटोखाली मजकूर लिहायची सोय असते. लिंक असेल तर स्वतःला पाठवताना तिच्या वर ही ओळ लिहायची. ओळ सुचलीच नाही, तर ती गोष्ट सेव्ह न करता पुढे जाऊ द्यायची. हे सुरुवातीला जड जाईल. पण माझा अनुभव असा आहे की दहांतल्या सहा-सात गोष्टींना ओळ सुचतच नाही, आणि त्या सोडल्याचं नंतर आठवतही नाही.

या ओळीत ते शब्द यायला हवेत, जे पुढे शोधताना तुमच्या तोंडी येतील. ज्यांनी मूळ मजकूर लिहिला त्यांनी ‘वंशवृत्त’, ‘मौखिक इतिहास’ असलं काहीतरी म्हटलं असेल. तुम्ही ऐन वेळी शोधलं असेल ‘बाबा’, ‘सत्तरी’, ‘वाढदिवस’. मग ते सापडणार कसं?

आता त्या ४,००० स्क्रीनशॉटचं. त्यांना हात लावू नका. पुसूही नका आणि लावूही नका. संगणकावर किंवा फोनमध्ये एक फोल्डर करा, त्याला ‘जुनं’ आणि आजची तारीख असं नाव द्या, आणि हलवता येईल ते सगळं एका झटक्यात त्यात टाका. इन्स्टाग्राम, यूट्यूबवरचं जिथे आहे तिथेच राहू दे. चौथ्यांदा आवरायला बसणं म्हणजे आणखी काही सुट्ट्या घालवणं, आणि त्यातून तुम्हाला काही मिळेल असं मला वाटत नाही.

हे मी मनचं सांगत नाही. संशोधक स्टीव्ह व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३४५ माणसांच्या ईमेलच्या सवयी तपासल्या. जुनं पत्र पुन्हा शोधण्याच्या ८५,००० हून अधिक कृती त्यांनी पाहिल्या. ज्यांनी खटाटोप करून फोल्डरांची उतरंड रचली होती, त्यांना पत्रं अधिक हमखास सापडत होती असं काही दिसलं नाही. उलट फोल्डरांतून शोधायला वेळ जास्त लागत होता आणि सर्च करून शोधायला कमी. ईमेल आणि तुमचे स्क्रीनशॉट यांत फरक आहे, हे मान्य. ईमेल पाठवणाऱ्याचं नाव आपल्याला आठवतं, स्क्रीनशॉटचं काहीच आठवत नाही. म्हणून तर त्या एका ओळीचा आग्रह. तरी जुन्या ढिगासाठी सर्चवर सोपवणं पुरेसं आहे. गूगल फोटोज आणि आयफोनच्या फोटोंत चित्रातला मजकूरही शोधता येतो. ‘प्रश्न’, ‘आजोबा’ असे दोन-चार शब्द टाकून तुमच्या फोनवर मराठी आणि इंग्रजी मजकूर कितपत सापडतो ते एकदा पाहून ठेवा, म्हणजे कशावर किती विसंबायचं ते कळेल.

मग नवे फोल्डर कशाचे करायचे? मला इथे चार्ल्स डार्विन यांची पद्धत सगळ्यात जवळची वाटते. त्यांनी १८७६ मध्ये लिहिलेल्या आत्मवृत्तात ती थोडक्यात सांगितली आहे. त्यांच्या कपाटात नावं लावलेल्या फळ्यांवर ३० ते ४० मोठ्या फायली असत, आणि एखादा संदर्भ किंवा टिपण मिळालं की ते ताबडतोब योग्य फायलीत जाई. विकत घेतलेल्या पुस्तकांच्या शेवटी ते आपल्या कामाशी संबंधित असलेल्याच गोष्टींची छोटी सूची करून ठेवत. हे ‘लावणं’ झालं, आणि ते अनेक जण करतात. पण पुढे ते जे सांगतात ते क्वचितच कुणी करत असेल. कुठल्याही विषयावर काम सुरू करण्याआधी ते या सगळ्या छोट्या सूच्या पाहत, त्यांतून एक मोठी वर्गवार सूची करत आणि लागतील त्या फायली बाहेर काढत. आयुष्यभर जमवलेलं त्या विषयाचं सगळं अशा रीतीने वापरायला तयार असे. म्हणजे फायली उघडण्याची वेळ ठरलेली होती. ती होती काम सुरू करण्याआधीची.

तुमच्याकडे ३० फायली नकोत. तीन, फार तर चार पुरेत. आणि त्यांची नावं विषयांची नकोत, कामांची हवीत. ‘चित्रकला’ या नावाचा फोल्डर कधीच भरत नाही आणि कधीच संपत नाही. त्यात काहीही टाकता येतं, म्हणून आपण टाकत राहतो. तेच ‘हातांची चित्रं काढायला शिकणं’ असं नाव दिलंत, की समोर आलेली जलरंगांची सुंदर रील आपोआप बाहेर राहते. तिचं नंतर बघू. काम संपलं की फोल्डर बंद, दुसरं काम सुरू झालं की दुसरा फोल्डर. घरात एका वेळी तीन-चारच कामं चालू असतात, तसंच हे.

आता उघडण्याची वेळ. ज्या गोष्टीला तारीख आहे ती फोल्डरमध्ये ठेवायचीच नाही, ती सरळ कॅलेंडरमध्ये जाते. बाबांचा वाढदिवस कधी आहे हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. त्याच्या दोन महिने आधीच्या एखाद्या रविवारी नोंद करायची, तिच्यात लिंक किंवा चित्र चिकटवायचं आणि खाली ती एक ओळ लिहायची. मग तुमच्या स्मरणशक्तीवर भार नाही आणि शोधाशोधही नाही. मी हे इतकं ठासून सांगते आहे, कारण तुमची सगळ्यात मोठी हळहळ एवढ्या एका नोंदीने टळली असती, आणि पुढची टळावी असं मला वाटतं.

ज्याला तारीख नाही त्याला प्रसंग जोडायचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी १९९९ मधल्या एका लेखात अशा संकल्पांबद्दल मांडणी केली. ‘मी व्यायाम करणार’ असं म्हणण्यापेक्षा ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन’ असं ठरवलं, तर ती गोष्ट हातून घडण्याची शक्यता वाढते. आपल्या भाषेत जेव्हा-तेव्हाची जोडी आयतीच आहे. ‘शनिवारी दुपारी मुलगी कंटाळली असं म्हणेल तेव्हा मी खेळांचा फोल्डर उघडीन.’ ‘चित्रांची वही समोर घेईन तेव्हा आधी हातांच्या फोल्डरमधलं एकच चित्र बघीन.’ ही वाक्यं फोल्डरच्या नावातच लिहिलीत तर उत्तम. आणि फोल्डर उघडून पाच मिनिटांत एक गोष्ट निवडायची. पाच मिनिटांत निवड झाली नाही तर पहिली दिसेल ती घ्यायची. नाहीतर साठवलेलं चाळत बसणं हेच दुसरं स्क्रोलिंग होऊन बसतं.

मुलीच्या खेळांबद्दल थोडं वेगळं सांगायचंय. साठवलेल्या गोष्टींनाही वय असतं. मुलगी चार वर्षांची असताना सेव्ह केलेला खेळ ती सात वर्षांची झाल्यावर तिला बाळबोध वाटणार, हे उघड आहे. मुलांसाठी जमवलेलं म्हणूनच सगळ्यात आधी उघडायला हवं, कारण त्याची वेळ आपल्यासाठी थांबत नाही. तुम्ही एकट्या बसून त्यातलं निवडू नका. तीन खेळ तिच्यासमोर ठेवा आणि तिला निवडू द्या. ती निवडेल ते तुम्ही कधीच निवडलं नसतं, आणि जे तिने निवडलं त्याला ती चिकटून राहते. उरलेले दोन पुढच्या शनिवारी, आणि तेव्हाही नको म्हणाली तर कायमचे बाहेर.

पाठदुखीचे व्यायाम मात्र मी या पद्धतीतून वगळते. तिथे ३० व्हिडिओ जमा होणं हीच अडचण आहे. एक म्हणतो वाका, दुसरा म्हणतो वाकू नका, आणि दोघांनी तुमची पाठ पाहिलेली नाही. एकदा डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, ते सांगतील ते दोन-तीन व्यायाम कागदावर लिहून भिंतीवर लावा, आणि बाकीचे व्हिडिओ तेवढे निःशंकपणे पुसून टाका.

अ‍ॅपबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यावर तुमचे दोन शनिवार-रविवार गेले म्हणून बोलते. नोंदींच्या चर्चेत जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांचं नाव फार घेतलं जातं. त्यांनी काही दशकांत हाताने लिहिलेल्या सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लाकडी खणांत जमवल्या आणि त्यांच्या आधाराने विपुल लेखन केलं. चिठ्ठ्यांना क्रमांक देऊन त्या एकमेकींशी जोडायची त्यांची पद्धत लोक हौसेने अ‍ॅपमध्ये उतरवतात. पण त्या चिठ्ठ्या म्हणजे कात्रणं नव्हती. वाचलेलं पचवून स्वतःच्या शब्दांत लिहिलेले विचार होते ते, आणि लूमान रोज त्याच चिठ्ठ्या घेऊन लिहायला बसत, कारण तो त्यांचा व्यवसाय होता. आपण पद्धत उचलतो आणि रोजचं बसणं सोडून देतो. फोनमध्ये आधीपासून असलेलं साधं नोट्सचं अ‍ॅप तुम्हाला पुरेल. वर्षभर ते अपुरं पडलं, नेमकं कुठे अपुरं पडलं ते तुम्हाला सांगता आलं, तर नवं बघा.

एक धोका मात्र खरा आहे. आपण सेव्ह करतो ती बऱ्याचदा वस्तू नसते, तिच्याकडे जाणारी वाट असते. इन्स्टाग्रामवर कुणी आपली पोस्ट काढून टाकली की तुमच्या संग्रहातूनही ती जाते. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत असं दिसलं की २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. जपून ठेवणारी ठिकाणंही बंद होतात. वाचायच्या गोष्टी बाजूला काढून ठेवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं वापरत असलेली ‘पॉकेट’ ही सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली. त्यामुळे जे काम सध्या चालू आहे त्याला लागणारा मजकूर लिंकवर सोडू नका. हवा तेवढा भाग कॉपी करून नोंदीत घ्या, किंवा पानाची पीडीएफ करून ठेवा. एखादं पान फारच मोलाचं असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर त्याचा पत्ता देऊन त्याची प्रत जपून ठेवता येते, आणि मेलेल्या लिंकची जुनी प्रतही तिथे कधीकधी मिळते. पण हे चालू कामांपुरतंच. ४,००० गोष्टींच्या पीडीएफ करायला लागलात तर मी तुमच्यावर रागावेन.

आता जरा अवघड भागाकडे येते. तुमच्या ढिगातल्या पुष्कळ गोष्टी या कल्पना नाहीत, त्या इच्छा आहेत. रोज चित्रं काढणारी, नेटक्या घरात राहणारी, पहाटे उठून लिहिणारी अशी एक बाई तुम्हाला व्हायचंय, आणि एकेक स्क्रीनशॉट म्हणजे तिच्या दिशेने टाकलेलं एकेक पाऊल असं त्या क्षणी वाटतं. मग ढीग पाहिला की अपराधी वाटतं, कारण त्यातल्या प्रत्येक गोष्टीशी आपण काहीतरी कबूल केलेलं असतं. मी सहा वर्षं हाताने पुस्तकं बांधण्याचे व्हिडिओ जमवत होते. दोरा, सुई, कागदाच्या घड्या, कापडी पुठ्ठे, सगळं मला पाठ होतं, आणि एकही पुस्तक मी बांधलं नव्हतं. एके दिवशी मी स्वतःला विचारलं: आत्ता कुणी हे सगळं सामान माझ्यासमोर मांडून ठेवलं, तर मी बसेन का? उत्तर ‘नाही’ आलं, आणि ते आल्यावर मला दुःख झालं. दोन-तीन दिवस ते टिकलं. मला पुस्तकं बांधायची नव्हती, दुसऱ्याचे निगुतीने काम करणारे हात बघायला आवडत होते. आवडू देत की! ते बघणं मी आजही करते, फक्त सेव्ह करत नाही.

हाच प्रश्न तुम्ही चित्रकलेला विचारा, घर आवरण्याला विचारा, लिहिण्याला विचारा. कुठेतरी ‘हो, आत्ता बसेन’ असं उत्तर येईल. तिथे पहिला फोल्डर करा. जिथे ‘नाही’ आलं तिथे ती इच्छा मनाने मोकळी करा. तुम्ही ‘पुसून टाकू का’ असं विचारलंत तेव्हा त्यामागे हाच थकवा होता, असं मला वाटतं. फाइली न पुसताही तो उतरू शकतो.

आणि ज्याला ‘हो’ आलं, ते करताना पहिल्यांदा चांगलं व्हायची वाट पाहू नका. सेव्ह केलेल्या चित्रात शेवटचा निकाल असतो, त्याआधीचे बिघडलेले कागद नसतात. पहिल्या १५ मिनिटांत काय करता येईल एवढंच ठरवा आणि तेवढंच करा. केल्यावर त्या नोंदीखाली दोन ओळी लिहा: काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. या लिहून झालेल्या नोंदी वेगळ्या ठेवा, ‘करून पाहिलं’ या नावाने. वर्षभरात त्या २० झाल्या तरी पुष्कळ. तो खऱ्या अर्थाने तुमचा संग्रह असेल, कारण तो दुसऱ्या कुणाच्या पानावर मिळणार नाही आणि शोधताना तुम्हाला एका क्षणात सापडेल, इतकं त्यातलं सगळं तुमच्या हाताखालून गेलेलं असेल.

आता बाबांकडे.

सत्तरीचा दिवस गेला, तो गेला. पण त्या प्रश्नांना वाढदिवसाची गरज नव्हती, आणि पुस्तकाचीही सध्या नाही. पुस्तकाचा विचार पूर्ण बाजूला ठेवा, कारण तो मध्ये आला की मांडणी, फोटो, छपाई यांची शोधाशोध सुरू होते आणि त्यासाठी तुम्ही आणखी ५० गोष्टी सेव्ह कराल. ४० प्रश्नांपैकी तीन निवडा. ‘तुमचं बालपण कसं होतं?’ असे पसरट प्रश्न नकोत, त्यांना माणसं ‘छान होतं’ एवढंच उत्तर देतात. शाळेच्या वाटेवर काय काय लागायचं, पहिल्या पगारातून काय आणलं, या फोटोत जे दिसत नाहीत ते तेव्हा कुठे होते, असे नेमके विचारा. जुना फोटो हातात दिलात तर फारच बरं. फोन त्यांच्या जवळ, पण नजरेआड ठेवा. रेकॉर्ड करते आहे हे आधी सांगा आणि पहिली दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलू द्या. ते मध्येच गप्प झाले तर पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका. बरंचसं मोलाचं त्या गप्प बसण्यानंतर येतं. अर्ध्या तासाने थांबा, त्यांना अजून बोलायचं असलं तरी, म्हणजे पुढच्या वेळी ते स्वतःहून विषय काढतील.

आणि सुरुवात त्या घड्याळापासून करा. तुम्ही आणलेलं ते घड्याळ त्यांच्या हातावर असेलच. त्यांना विचारा, त्यांचं पहिलं घड्याळ कोणतं होतं, ते कुणी दिलं, आणि त्याआधी त्यांना वेळ कशी कळायची. बोलून झालं की त्याच रात्री रेकॉर्डिंगला नाव द्या: तारीख, आणि बाबा कशाबद्दल बोलले ते. त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीही ठेवा. मग कॅलेंडर उघडून पुढच्या रविवारची नोंद करा, तीन प्रश्नांसकट.